घरातली दिंडी

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या बाईने ‘फायरवॉल’वर लिहावे, हा आगाऊपणाच. पण आमच्या शिरूरच्या घरात हा शब्द आईच्या आवाजामागोमाग आला, म्हणून लिहिते.

२००९ साली दौंडला, माहेरी, आईच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जाते तेव्हा परसात नुसतेच पडून होते. तिने खुंट्याला हात लावला आणि दळण नसतानाही गळा मोकळा झाला. तीन वर्षांनी ती गेली. ओव्या माझ्या जुन्या संगणकात राहिल्या. २०१७च्या फेब्रुवारीत तो चालता चालता थबकू लागला, तेव्हा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन आला. दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर, एकाच राउटरला जोडलेली. तरी एकमेकांना ओळख देईनात. एका जाणकाराने फोनवर तोडगा सांगितला, “मॅडम, फायरवॉल बंद करा.” केली. अर्ध्या तासात ओव्या पलीकडे पोचल्या. आनंदाच्या भरात ती पुन्हा सुरू करायची राहूनच गेली, दोन्हीकडे.

मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ची बातमी आली. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा हा किडा ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून विंडोजच्या यंत्रांत शिरत होता, ते पोर्ट फायली सामायिक करण्याचेच. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. आमच्या यंत्रांनी ती घेतली नव्हती. त्यातून भावाचा लॅपटॉप रोज दौंड-पुणे प्रवास करणारा, मिळेल त्या वायफायला जोडला जाणारा. बाहेरून येणारे राउटरने अडवलेही असते. पण हे संकट भावाच्या पिशवीतून घरात आले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुरुस्ती उतरवून घेतली, फायरवॉल सुरू केली, आणि मग ती वाचायला बसले. चूक साधी होती. घरचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले होते. परक्या जागी असावे तसे संगणक तोंड लपवून बसले होते. ते ‘प्रायव्हेट’ केले आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला तेवढ्याच रकान्यात परवानगी दिली. स्टेशनवरचे नेटवर्क ‘पब्लिक’च राहिले, म्हणजे तिथे हे दार आपोआप बंद.

‘अग्निभिंत’ हा प्रतिशब्द मला म्हणूनच पटत नाही. भिंतीला दार नसते. दौंडच्या आमच्या वाड्याला दिंडी होती. दिवेलागणीला मोठ्या दरवाजाला अडसर पडे, उशिरा येणारा दिंडीतून वाकून आत येई, तेही आजीच्या “कोण?”ला उत्तर दिल्यावर. फायरवॉल हेच विचारते: कोण, कुठून, कोणत्या दाराने?

सगळी डिस्क खुली न करता ओव्यांचा एकच फोल्डर सामायिक केला. पासवर्डसह, आणि फक्त वाचण्यापुरता. इथे परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या आणि खुद्द फोल्डरच्या. दोन्हींत जी अधिक कडक, ती चालते. प्राचार्य आणि संस्था या दोघांच्या सह्यांची सवय असलेल्या प्राध्यापकाला हे समजावून सांगावे लागत नाही. असो.

पुढच्या रविवारी भाऊ आला. फोल्डर उघडून काही वेळ काहीतरी खटपट करत होता.

“ताई, सातव्या ओवीचं नाव चुकलंय. पण बदलू देत नाही हे.”

“नाहीच देणार. काय हवं ते सांग, मी बदलते.”