रानकोंबड्याची ओळख

दादऱ्याची सपाट शेते व सिल्वासा मागे टाकून खानवेलकडे निघाले की टेकड्या सुरू होतात. सागाच्या पाचोळ्यातून एखादे पाखरू भर्रकन उठते आणि झाडीत दिसेनासे होते. इंग्रजी प्रवासवर्णने वाचलेला माणूस त्यास ‘ग्राउस’ म्हणेल. परंतु तो शीत प्रदेशांतला पक्षी, आपल्या डोंगरांत तो नाही. इकडे भेटतो तो राखी रानकोंबडा, नाहीतर चकोत्री.

दोघांतील भेद ध्यानी ठेवावा. चकोत्री विटकरी रंगाची; तिला तुरा नसतो, डोळ्याभोवतीची कातडी तांबडी व उघडी असते. रानकोंबड्याच्या मानेवरील काळसर पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट ठिपके चमकतात. पावसाळ्यात ही पिसे गळून पडतात. तेव्हा तांबडे पाय पाहावेत. मादीचे पाय मात्र पिवळे, आणि छातीवरील पांढऱ्या पिसांना गडद किनार.

याच पिसांपासून मासे धरण्याच्या गळाची आमिषे बनत, म्हणून ती परदेशी जात आणि पक्षी फाशांत सापडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज त्याची शिकार हा गुन्हा आहे.

घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण तिच्या पिवळ्या पायांचा गुण या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली संशोधकांनी दाखविले. आपल्या अंगणातच त्याचा वारसा नांदतो आहे. म्हणून पहाटे त्याची तुटक बांग कानी पडली, तर पाठलाग न करता स्तब्ध उभे राहावे. दर्शन त्यानेच घडते.