गुण्या आणि गुणपत्रिका

१९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकाच वर्षी एसएससीला बसली. त्यामुळे आमच्या घरात पेढ्यांचे दोन पुडे एकदमच आले, एक दादाच्या नावाचा आणि एक माझ्या. नाना लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "थोरला आयटीआयला, धाकटा कॉलेजात." आमचं मत विचारलं नाही. चाळीत तेव्हा कुणाच्याच घरी विचारत नसत.

दादाला फिटर ट्रेड मिळाला. सुरुवातीचे कित्येक दिवस तो लोखंडाचा एक तुकडा नुसता कानशीने घासत होता. त्याला म्हणायचं 'जॉब'. एकदा तो जॉब त्याने घरी आणला, काटकोन तपासायचा गुण्या लावून बल्बसमोर धरला. "बघ, फटीतून उजेड येतोय. गेला वाया!" मला उजेडबिजेड काही दिसेना. मी बुककीपिंगच्या जर्नल नोंदी घोकत होतो. माझ्या चुका मार्क कापले गेल्यावरच कळायच्या.

आयटीआय झाल्यावर दादा ठाण्याच्या एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस लागला. विद्यावेतनाच्या पहिल्या पाकिटातून आईसाठी वातीचा स्टोव्ह आला. मी १९८० साली बी.कॉम. झालो आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड खिशात घालून हिंडू लागलो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. नानांचा पगार थांबला तो थांबलाच. पुढची दोन वर्षं आमच्या पाचजणांच्या पोटाला दादाच्या कानशीने घातलं.

मग मला सरकारी कचेरीत चिकटायला मिळालं आणि खात्याच्या परीक्षा देत मी वर सरकत गेलो. दादा मात्र फोरमन होईना, त्या जागेला डिप्लोमा लागायचा. ज्या पोरांना त्याने मशीन उघडायला शिकवलं, ती त्याची साहेब झाली. 'अनुभव धरून अट शिथिल करावी' असा अर्ज इंग्रजीत मीच लिहून दिला. उत्तर आलं नाही.

आता नातवंडांच्या प्रवेशाच्या दिवसांत आम्हाला विचारतात, "आजोबा, काय घेऊ?" दादा म्हणतो, हाताला कसब येईल ते घे. मी म्हणतो, घे; पण त्यावरून पुढे डिप्लोमा, डिग्री करता येते का, ते आधी विचारून ये.