थेंबांच्या हिशेबाची नगरे

वाळवंट पाहायला जाते आहे असे सांगितले, की आपल्याकडे लोक हमखास विचारतात, “तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” हा प्रश्न कोकणातल्या माणसाला शोभतोही. ज्या गावी मी मराठी शिकवते तिथे वर्षाला तीनशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. छत्री विसरलेला विद्यार्थी आमच्या वर्गात चार महिने विनोदाचा विषय असतो. जैसलमेरला वर्षभरात वीस सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. आणि तरी तिथे माणसांनी साडेआठशे वर्षे एक नगर चालविले आहे! पाहण्यासारखे आहे ते हेच.

गेल्या पौषात आम्ही सातजण निघालो. आमच्यात भूगोलाच्या एक प्राध्यापिका होत्या, दोन शाळामास्तर होते, बँकेतल्या एक बाई होत्या आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका सपत्नीक होते. प्रवासी कंपनीच्या चाळीस माणसांच्या घोळक्यात जायचे नाही, हे आधीच ठरले होते. जोधपूरपर्यंत आगगाडी, पुढे एकच मोटार. मुक्काम स्थानिकांच्या घरगुती उतारशाळांत. वाटाड्या त्याच गावचा. आणि आंघोळीला एक बादली. हे शेवटचे कलम काकांचे. काकूंनी त्याला प्रवासभर “सरकारी जी. आर.” असेच नाव ठेवले होते.

जोधपूर राव जोधाने १४५९ साली वसविले. मेहरानगड पाहताना मान दुखून येते. खडक कुठे संपला आणि तट कुठे सुरू झाला हे कळत नाही. या खडकावर राहणाऱ्या एका योग्याला उठवून किल्ला बांधला, तेव्हा त्याने “तुझ्या राज्यात पाण्याचे दुर्भिक्ष राहील” असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे देव जाणे. पण शापाला उत्तर म्हणून जोधपूरकरांनी तलाव आणि विहिरी खोदल्या एवढे खरे. गावातला ‘तूरजी का झालरा’ अठराव्या शतकातला. आपण जिला बारव म्हणतो तिचीच ही थोरली बहीण. नळ आल्यावर लोकांना तिचा विसर पडला, ती कचऱ्याने भरली. अलीकडच्या काळात ती उपसून स्वच्छ करण्यात आली. आता तिच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पोरे बसतात.

जोधपूरजवळच खेजडली गाव आहे. १७३० साली राजाची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिष्णोई स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि कुऱ्हाडीचा घाव स्वतःवर घेतला. तिच्यामागे गेलेल्यांची संख्या ३६३ सांगतात. ते झाड खेजडीचे, म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला तिची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी तिला विसरतो. इथे तिच्या शेंगांची सांगरीची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो, सावलीत बाजरी पिकते. पूजा आणि पोट यांचा असा मेळ बसला, की माणसे झाडासाठी मरायला तयार होतात.

जोधपूरहून बिकानेरला जाताना वाटेत नागौर लागते. मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावे. मारवाडच्या विजयसिंहाला नागौरात कोंडून जयाप्पा शिंदे वेढा देऊन बसला होता. तिथेच १७५५ साली दगा होऊन तो मारला गेला. आपण पानिपताचे नाव घेतो, पण त्याच्या सहा वर्षे आधी हा घाव बसला होता. त्या पिवळ्या माळावर उभे राहिल्यावर, एवढ्या दूर, पाण्याविना, मराठी फौजा उन्हाळे कसे काढीत असतील, हाच विचार मनात येतो.

बिकानेरात माझ्यासारखीला मोह पडला तो पोथ्यांचा. महाराजा अनूपसिंह मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत लढत होता. पण लुटीत इतर सरदार सोने शोधीत असता याने संस्कृत हस्तलिखिते गोळा केली. अनूप संस्कृत ग्रंथालय त्याच्याच नावाचे. आपल्याकडच्या दमट हवेत वाळवी ज्या पोथ्या खाऊन मोकळी झाली असती, त्या कोरड्या वाळवंटाने सांभाळल्या. वाळवंटाचे हे उपकार आपण मानले पाहिजेत.

याच मुलखात मला पाण्याचे तीन शब्द मिळाले. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ सालच्या पुस्तकात ते पूर्वी वाचले होते. इथे ते चव घेऊन कळले. पावसाचे थेट साठविलेले ते पालर पाणी. खोल विहिरीचे, बहुधा खारे, ते पाताळ पाणी. आणि या दोहोंमधले ते रेजाणी. काही ठिकाणी वाळूखाली खडियाचा थर असतो. पावसाचे मुरलेले पाणी त्या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूतच ओलाव्याच्या रूपाने राहते. मग अगदी अरुंद कुंई खणायची, आणि थेंब थेंब पाझरलेले पाणी दिवसातून एकदोन घडे काढायचे. काका ते ऐकून म्हणाले, “आम्ही धरणे बांधली ती घनफुटांत मोजून. यांनी थेंबांवर संसार केला!”

जैसलमेर दुरून दिसले तेव्हा ऊन उतरत होते. रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला. पिवळ्या दगडाचे नव्व्याण्णव बुरूज उन्हात खरोखरच सोन्यासारखे दिसतात. सत्यजित राय यांनी १९७४ साली ‘सोनार केल्ला’ चित्रपट काढला, तेव्हापासून बंगाली प्रवासी इथे भाविकतेने येतात. पण या किल्ल्याचे खरे नवल असे, की तो राहता आहे. आत गल्ल्या आहेत, जैन मंदिरे आहेत, पोरे शाळेत जातात, दारांवर लग्नाच्या तारखा रंगविलेल्या आहेत.

आणि दुखणेही तिथेच आहे. टेकडी ठिसूळ दगड आणि मातीच्या थरांची. बायका खालच्या गडीसर तलावातून डोक्यावरून घडे आणीत, तेव्हा सांडपाणी ते किती असणार? पुढे नळ आले, मग उतारू आले, घरांच्या खानावळी आणि उतारशाळा झाल्या, स्नानगृहे वाढली. पाणी पायात मुरू लागले. बुरूज ढासळले. २०१३ साली राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर हा जागतिक वारसा ठरला. तरी २०२४ च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग कोसळलाच. वाळवंटातला किल्ला पाण्याने खचावा, याला काय म्हणावे!

म्हणून आम्ही खाली गावात उतरलो होतो. किल्ल्यात एका बाईंकडे दुपारच्या जेवणाला गेलो, तेव्हा काकांनी हे कारण त्यांना सांगितले. बाईंनी बाजरीची भाकरी काकांच्या ताटात वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, “बाबूजी, भले केलेत. पण परदेशी पाहुणे राहिले म्हणून माझा मुलगा शिकला. उद्या सगळे म्हणतील, किल्ला रिकामा करा. रिकाम्या किल्ल्यात सकाळी दिवा कोण लावील?”

काका गप्प झाले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता; आमच्याही नव्हता. माणसे राहिली तर पाणी मुरते. माणसे गेली तर किल्ल्याचे कलेवर उरते. मला एवढेच वाटते, की राहण्याचा हक्क त्या बाईंचा आहे, आमचा नाही. आम्ही दिवसा यावे, त्यांच्या हातचे जेवावे, मोल द्यावे, आणि आंघोळीला खाली जावे. यात त्यांचे थोडे नुकसान आहे, हे कबूल केलेच पाहिजे. ते जेवणाच्या, वाटाड्याच्या, हातमागाच्या मोलातून भरून देणे हे पाहुण्याचे काम आहे.

दुसऱ्या दिवशी कुलधऱ्याला गेलो. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओस पडले. एका जुलमी दिवाणामुळे सारे एका रात्रीत उठून गेले, अशी कथा सांगतात. पाणी आटल्यामुळे ते हळूहळू पांगले असावेत, असेही अभ्यासक म्हणतात. वाटाडे भुतांच्या गोष्टी रंगवितात. आमच्या वाटाड्याने मात्र आम्हांला भुतांऐवजी खडीन दाखविले. सखल जागी मातीचा लांब बांध घालायचा. खडकाळ माळावरून वाहून आलेले पावसाचे पाणी त्यामागे अडवायचे. ते मुरले, की त्याच ओलीवर रब्बी पेरायची. पाट नाही, मोट नाही. हे पालीवालांचे शास्त्र.

१९५८ साली काम सुरू झालेल्या मोठ्या कालव्याचे पाणी आता या जिल्ह्यात पोचले आहे, आणि त्याने पुष्कळांचे भले केले आहे. पण कालव्याचे पाणी दुसऱ्याच्या नदीतून येते. खडिनाचे पाणी आपल्याच माळावर पडलेले असते. त्या बांधामागे गुडघाभर गहू आणि हरभरा उभा होता. चहूकडे खुरटी झुडपे, आणि मध्ये तो हिरवा चौकोन. काकांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबून पाहिली, आणि आम्हांला दाखविली. चार महिन्यांपूर्वीच्या पावसाची ओल अजून तिच्यात होती.