दुसऱ्या फेरीतल्या दोघी

बनारसला दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी अजून कानावर पडते. तिथे जुन्या पंडित घराण्यांच्या गोष्टी निघाल्या की माझ्या डोळ्यांसमोर भलतेच काही येते: विम्बल्डनचे हिरवळीचे कोर्ट. पंडित आडनावाच्याच एका विद्वानाची नात तिथवर पोचली होती ना!

शंकर पांडुरंग पंडितांनी सायणभाष्यासह अथर्ववेद संपादला, तुकोबांची गाथाही. त्यांची लेक क्षमाबाई राव. ती संस्कृतात काव्य रची आणि टेनिसही खेळे. गांधीजींच्या लढ्यावरची तिची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ मध्ये छापली गेली, ती काशीत नव्हे, मुंबईतही नव्हे, थेट पॅरिसला. इंग्रजी अमलात असला मजकूर इथे छापणार कोण? अनुष्टुभ छंदातला सत्याग्रह फ्रेंच राजधानीत छापून निघावा, याची मला अजून गंमत वाटते.

क्षमाबाईंची लेक लीला १९११ ची. १९३४ मध्ये ग्लॅडिस साउथवेलला हरवून ती विम्बल्डनवर एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. दुसऱ्या फेरीत गाठ पडली फ्रान्सच्या इदा अदामॉफशी, आणि लीला हरली. आईच्या पोथीला आसरा दिला त्याच देशाच्या मुलीने लेकीला घरी धाडले!

इदा जन्माने रशियन. टेनिसपटू सुझान लांग्लेन नुकतीच गाजून गेलेल्या फ्रान्समध्ये दुसऱ्या कुणाचे नाव होणे अवघडच होते. पुढे इदाने क्लोद बुर्देशी लग्न केले. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर तो भूमिगत चळवळीत उतरला, १९४४ मध्ये पकडला गेला आणि बूखनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतला. त्याची आई कात्रिन पोझी, तीही कवयित्रीच. म्हणजे जाळीच्या अलीकडे कवयित्रीची लेक आणि पलीकडे कवयित्रीच्या मुलाची होणारी बायको. गुणफलकावर यातले काय दिसणार?

लीलाने पुढे भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. पती हरीश्वर दयाळ नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. संस्कृतवाले आईला ओळखतात, नृत्यवाले लेकीची पुस्तके चाळतात, खेळवाले एका वाक्यात तिला उरकतात. तिन्ही कपाटे एकाच घराची, हे कुणी सांगत नाही.

२००५ मध्ये सानिया मिर्झाने विम्बल्डनवर पहिली फेरी जिंकली, तेव्हा लीलाच्या विजयाला एकाहत्तर वर्षे झाली होती. पहिली जिंकणारी लीला मराठी घरातल्या एका संस्कृत कवयित्रीची मुलगी होती, एवढे तरी आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवे.