स्टँड आमचा, सायकल त्यांची

आम्ही पडलो इंजिनिअर! सायकल स्टँडसाठी कुणाला काय विचारायचं? कमिटीत मीही होतो. एका रात्रीत ऑटोकॅडवर ड्रॉइंग तयार! मुख्य गेटजवळ स्टँड उभा राहिला आणि सायकली मात्र मेसमागच्या कडुनिंबाखालीच.

शेवटी पवनारहून सायकलने येणाऱ्या मेसच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबू, अंधार पडल्यावर निघतो आम्ही. तिकडं लाइट कुठं आहे? अन् तुमच्या त्या खाचेत नुसतं पुढचं चाक अडकते. एक दिवस लावली, तं चाक राहिलं अन् सायकल गेली. लेकीची होती, शाळेत जायची."

मी काय बोलणार?

त्या रविवारी पवनारला गेलो. धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथले निर्णय सर्वसहमतीनं होतात. पुणे महापालिकेनंही २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर करण्याआधी नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. आम्ही मात्र रोज पोळी वाढणाऱ्या मावशींनाही विचारलं नव्हतं.

आता मेसमागे, दिव्याखाली, उलट्या यू आकाराचे पाइप बसवलेत. फ्रेम आणि चाक दोन्ही एकाच साखळीत येतात. जागा मावशींनीच खडूनं आखून दिली. रोज सकाळी कुठं किती सायकली लागल्या, ते मी वहीत लिहितो. महिनाअखेर मावशी, वॉचमनकाका आणि आम्ही पुन्हा बसणार. पास की नापास, ते वापरणारेच ठरवतील.

लेकीची सायकल काही सापडली नाही. ती शाळेत पायीच जाते. मित्रहो, ड्रॉइंगच्या आधी एकदा विचारा!