खोक्यात काय आहे?

एव्हिओ फार्मास्युटिकल्सच्या संचालकांस,

मी भिवंडीच्या नारपोलीतल्या एका गोदामात चलनं फाडतो. टेम्पो लागला की खोकी मोजायची, शिक्का मारायचा, ड्रायव्हरची सही घ्यायची. त्यामुळे तुमची बातमी वाचताना नजर आधी आकड्यावर गेली.

फेब्रुवारी २०२५. बीबीसीनं आफ्रिकेत गोळ्या पाठवण्याचं तुमचं प्रकरण बाहेर काढलं आणि पाठोपाठ औषध प्रशासनाची धाड पडली. १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त. दहाची पट्टी धरली तर तेरा लाख पट्ट्या! घानाला निघालेला माल मुंबईच्या एअर कार्गोत अडवला, तो वेगळाच. त्या मालातलं टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचं जबर वेदनाशामक, त्यात स्नायू सैल पाडणारं कॅरिसोप्रोडॉल. दोन्ही एकत्र पोटात गेली तर श्वास बंद पडू शकतो. बीबीसीच्या म्हणण्यानुसार या मिश्रणाला जगात कुठेच परवानगी नाही.

अमेरिकेतल्या सॅकलर घराण्याच्या पर्ड्यू फार्मानं १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे अशाच जातीचं वेदनाशामक बाजारात आणलं. २००७ साली तिच्या संलग्न कंपनीनं आणि २०२० साली खुद्द कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, पण घरातल्या कुणावर फौजदारी खटला नाही. आमचं काही चुकलं नाही, हे त्यांचं पालुपद. त्या मानानं तुम्ही सरळ. बीबीसीचा गिऱ्हाईक बनून आलेला माणूस नायजेरियातल्या पोरांना गोळ्या विकायचं बोलत होता, आणि तुमच्यातले एक संचालक छुप्या कॅमेऱ्यासमोर म्हणून गेले की हे तब्येतीला फार वाईट, पण हल्ली हाच धंदा.

आमच्या गाळ्यामागच्या गटारात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या तरंगतात. कोडीनच्या, म्हणजे नशेच्या. खोकला कुणालाच नसतो. बारा तास लूमवर उभं राहून पाय सुजलेला कारागीर ती एका घोटात संपवतो आणि पुन्हा पाळीला जातो. भिवंडीत पोलिसांच्या हाती लागतो तो पिशवीतून बाटल्या विकणारा पोरगा. बाटली भरणाऱ्याचं नाव बातमीत मला तरी कधी दिसलं नाही.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. खोक्यावर ‘औषधे’ लिहिलेलं असलं की आत कधी डोकावलो नाही. आपल्याला काय, माल पोचला की झालं.

म्हणून एकच विचारतो. जप्त झाल्या त्या गोळ्यांचा आकडा छापून आला. त्याआधी निघून गेलेल्यांची चलनं कुणी फाडली? तुमच्याकडेही असेलच कुणी कानावर पेन अडकवलेला. खोक्यात काय आहे म्हणून सांगितलं होतं त्याला?

आपला,
गोदामातला एक कारकून, नारपोली