जन्माचे गुण किती धरायचे?

फासा म्हटला की आपल्या घरातली वडीलधारी माणसे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. पत्त्यांनी आणि मटक्याने आपल्या वस्त्यांतील किती पगार खाल्ले, हे कोणाला सांगायला नको. त्यामुळे आमच्या अमरावतीच्या घरी मुले दर रविवारी फासे घेऊन बसतात, हे अकोल्याला आमच्या बहिणीच्या कानावर गेले तेव्हा तिचा फोन येणारच होता. "दादा, पोरगी जुगार त नाही खेळून राहिली ना?" तिची मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. उत्तर देणे आमच्यावर आले. ते शोधताना जे कळले ते इतर पालकांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली काढला. यात पैसा लावायचा नसतो आणि एकमेकांना हरवायचेही नसते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो: पुढे पडका किल्ला आहे, दार बंद आहे, आतून आवाज येतो आहे, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. दंडारीत गडी सोंग घेतो तसेच हे, फक्त तोंडाला रंग नाही. जमले की फसले हे फासा ठरवतो. मुख्य फासा वीस बाजूंचा असतो.

खेळाआधी प्रत्येकाने आपले पात्र कागदावर तयार करायचे असते. त्यात दोन मोठ्या निवडी: रेस आणि क्लास. इथे रेस म्हणजे धावण्याची शर्यत नव्हे आणि क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. रेस म्हणजे पात्र कोणत्या वंशात जन्मले: माणूस, सडपातळ देखणा एल्फ, बुटका दणकट ड्वॉर्फ, की माणूस आणि राकट ऑर्क या दोघांचे रक्त असलेला हाफ-ऑर्क. क्लास म्हणजे त्याने अंगी बाणवलेली विद्या. फायटर शस्त्र चालवतो, क्लेरिक जखमा बऱ्या करतो, रोग कुलपे उघडतो, विझार्ड ग्रंथ वाचून जादू शिकतो. मुले वापरतात त्या 2014 च्या पुस्तकात 9 वंश आणि 12 विद्या आहेत. जादूचे नाव आले म्हणून कोणी दचकू नये. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो लोकांना नाडणाऱ्या भोंदूंसाठी. गोष्टीतल्या जादूला तो लागू नाही.

आमच्या भाचीने ठरवले: वंश हाफ-ऑर्क, विद्या विझार्डची. समोरचा मुलगा हसून म्हणाला, "हाफ-ऑर्कला डोकं कमी असतं. त्याला फायटर कर, नाहीतर बार्बेरियन." मुलगा वाईट नाही, आमच्याच घरी जेवतो. पण पोरगी एकदम गप्प झाली. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात तिला "तुझी रँक किती?" असे विचारणारे भेटले होते. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि तो आपल्या मुलांना बरोबर ऐकू येतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामा, त्याला वाचता येणार नाही असं सगळे धरूनच चालतात. म्हणूनच मला तो घ्यायचा हाये."

आम्ही बी.कॉम. झालेलो, जन्म आकड्यांत गेला. पुस्तक मागून घेतले आणि हिशोब मांडला. प्रत्येक पात्राला सहा गोष्टींत गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. वाटायला 15, 14, 13, 12, 10 आणि 8 असे आकडे मिळतात. वर वंशाचे गुण: हाफ-ऑर्कला ताकदीत 2 आणि काटकपणात 1; उच्चकुलीन एल्फला चपळाईत 2 आणि बुद्धीत 1. म्हणजे दोघांनीही बुद्धीत 15 घातले तर एल्फचे होतात 16 आणि हाफ-ऑर्कचे राहतात 15. फाशावर याचा फरक पडतो एका आकड्याचा. समोरच्या शत्रूचे चिलखत 13 धरले, तर एल्फची जादू वीसपैकी 13 बाजूंवर लागते आणि हाफ-ऑर्कची 12 बाजूंवर. एवढेच. हाफ-ऑर्कच्या बुद्धीतून एकही गुण वजा केलेला नाही. उलट तो कोसळण्याइतका घायाळ झाला तरी दोन विश्रांतींच्या मधे एकदा तग धरून उभा राहतो. ते एल्फला जमत नाही.

मग "डोकं कमी" हे आले कुठून? तेही सापडले. 2000 सालच्या आवृत्तीत हाफ-ऑर्कच्या बुद्धीतून खरोखरच 2 गुण कापलेले होते. 2014 च्या पुस्तकात तो नियम नाही, पण मुलांच्या तोंडी अजून आहे. नियम जातो आणि बोलणे राहते, हे आपल्याला नवीन नाही.

त्याहून मागे गेलो तर चित्र आणखी उघडे पडते. 1974 च्या पहिल्या नियमांत ड्वॉर्फने फक्त लढायचे आणि तेही सहाव्या पायरीपर्यंत. माणसाला मात्र वर जायला मर्यादा नव्हती. 1978 च्या पुस्तकात हाफ-ऑर्कला विझार्डच्या विद्येचे दारच बंद होते. लढवय्या झाला तर दहाव्या पायरीवर थांबायचे, चोर झाला तर आठव्या. हवे तितके वर चढता येईल असा एकच पेशा त्याला मोकळा होता: मारेकऱ्याचा! हे वाचताना आम्हाला आपल्या वऱ्हाडातले पारधी बांधव आठवले. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने ज्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांच्यात पारधीही पुढे धरले गेले. तो शिक्का कागदावरून 1952 साली पुसला. लोकांच्या नजरेतून अजून पुसायचा आहे. आधी एकच वाट मोकळी ठेवायची आणि मग म्हणायचे, बघा, हे त्याच वाटेने जातात.

खेळ काढणाऱ्यांच्या मनात आपली जातिव्यवस्था असेल असे आम्ही म्हणत नाही. पण जन्म आणि काम यांची गाठ बांधली की ती कुठेही सारखीच आवळते. जात ही नुसती कामाची वाटणी नसून ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. आमच्या पणजोबांच्या हातात गावकीची काठी होती. आजोबा गाव सोडून अकोल्याला आले आणि जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी उचलू लागले. वडील शिकले, आम्ही कारकून झालो, आणि भाची यंत्रांचे आराखडे काढते आहे. चार पिढ्यांत रक्त तेच राहिले. बदलली ती विद्या.

आता चांगली गोष्ट सांगतो. खेळ काढणारी कंपनी तिथेच थांबली नाही. 2000 साली कोणत्याही वंशाला कोणतीही विद्या मोकळी झाली आणि पायऱ्यांची मर्यादा गेली. 2020 साली आलेल्या एका पुस्तकात ऐच्छिक नियम मिळाला की वंशाचे गुण आपल्याला हवे तिथे वळवून घ्यावेत. 2024 च्या पुस्तकात तर रेस हा शब्दच काढून स्पीशीज हा शब्द घेतला. गुणांची वाढ आता वंशातून येत नाही. पात्र लहानाचे मोठे कसे झाले, आधी काय काम करत होते, त्यावरून येते. 50 वर्षे लागली, पण दुरुस्ती झाली.

2020 चा तो नियम आम्ही टेबलावर ठेवला. मुलांनी वाचला, थोडा वाद घातला आणि चौघांच्याही पात्रांना लागू केला. भाचीने वंशाचे 2 गुण बुद्धीत घातले. ते 17 झाले आणि वीसपैकी त्या एका बाजूचे अंतर मिटले. एक जण म्हणाला, "म्हणजे तुला सवलत मिळाली." गोष्ट सांगणारा मुलगाच त्याला म्हणाला, "नियम सगळ्यांना आहे ना? मग सवलत कसली?" आम्हाला मधे बोलावे लागले नाही.

तुमच्या घरी मुले हा खेळ खेळत असतील तर चार गोष्टी सांगाव्यात. पात्र निवडताना आधी विद्या निवडा: मला गोष्टीत काय करायला आवडेल? मग सोबत्यांकडे पाहा. जखमा बांधणारा, पुढे उभा राहणारा, कुलूप उघडणारा यांपैकी कोण कमी आहे? वंश शेवटी निवडा आणि तो गोष्टीसाठी निवडा, एका गुणासाठी नव्हे. आणि "हे तुला जमणार नाही" असे कोणी म्हणाले तर नियम कोणत्या पानावर आहे ते विचारा. खर्चाचे म्हणाल, तर मूळ नियम कंपनी फुकट देते. सुरुवातीला तेवढे पुरतात. फासे नसतील तर 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढाव्यात. 1979 च्या सुमारास फासे कमी पडले तेव्हा कंपनीनेच डब्यात अशा चिठ्ठ्या घातल्या होत्या. रविवारचे तीन तास ठरवून द्यावेत आणि परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद ठेवावा, हे आम्ही आमच्या घरी पाळतो.

याच खेळात सॉर्सरर नावाची आणखी एक विद्या आहे. त्याची जादू रक्तातून किंवा दैवयोगाने आलेली असते. विझार्डला मात्र एकेक मंत्र अभ्यास करून वहीत उतरवावा लागतो. सुरुवातीला वहीत 6 मंत्र असतात, पुढे प्रत्येक पायरीला 2 वाढतात. आमच्या भाचीचा हाफ-ऑर्क परवा तिसऱ्या पायरीवर पोचला. त्याच्या वहीत आता 10 मंत्र आहेत, आणि बाकीचे तिघे अडले की आधी त्यालाच विचारतात.